दूधखोलीची उत्तरेकडची भिंत

माझ्या फजितीचे किस्से आमच्या मराठी मंडळात चांगले चालतात. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा तेव्हा, जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच, "ते गराजच्या दाराचं सांग ना!" आणि मी थोडे आढेवेढे घेऊन सुरू होतो. माझी एक जुनी युक्ती आहे. चूक झाली की तिचा किस्सा करायचा. लोक हसले की रागवायचं विसरतात. आधी पुण्यात आणि नंतर इथे ओहायोत मी याच युक्तीवर निभावून नेलंय. हा एक प्रसंग मात्र मी तोंडी सांगत नाही. एकदाच सांगायला घेतला होता. तो कसा सांगितला, ते येईलच.

इथलं डब्लिन गाव संपून मक्याची शेतं सुरू होतात तिथे आमच्या मंडळानं एक जुनं फार्म घेतलं. राहतं घर फार पूर्वी आगीत गेलेलं. उरल्या होत्या तीन दगडी इमारती: एक मोठा बार्न, म्हणजे गोठा आणि गवताचं कोठार, त्याला चिकटून एक छोटी दूधखोली, आणि थोडी लांब अवजारांची बुटकी खोली. सगळं इथल्याच चुनखडीच्या दगडात बांधलेलं. बार्नचं सभागृह करायचं, दूधखोलीचं स्वयंपाकघर आणि अवजारांच्या खोलीत रविवारची मराठी शाळा, असा आमचा बेत. परवानगी देताना टाउनशिपनं, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीनं, एक अट घातली: एकही दगड हलवायच्या आधी या इमारतींची नीट नोंद करा. मापं घ्या, फोटो काढा, आणि तिथे राहिलेलं कुणी हयात असेल तर त्यांच्याकडून ऐकून इतिहास लिहून घ्या.

"हे काम कोण घेईल?" अध्यक्षबाईंनी मीटिंगमध्ये विचारलं. सगळी मंडळी एकदम साबुदाण्याच्या खिचडीतले दाणे निवडायला लागली. मी नेमका त्याच वेळी शेजारच्याला आमच्या मामाच्या म्हशीचा किस्सा सांगत होतो. म्हशीनं शिंग कसं उगारलं ते दाखवायला मी हात वर केला.

"वा! मिळाला माणूस!" अध्यक्षबाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माघार घेण्याचा माझा स्वभाव नाही.

गाडीत बायको म्हणाली, "अरे, तुला फ्रिजचं माप घेता आलं नव्हतं. पोर्चमध्ये दोन आठवडे होता आपला फ्रिज."

"इथे इतिहास घ्यायचाय गं. फ्रिज नाही."

"तेच म्हणतेय. फ्रिज परत तरी देता आला."

मापांसाठी मला नागपूरचे एक काका मिळाले. पीडब्ल्यूडीतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले. इथल्या थंडीत ते महिनोन् महिने घरात अडकून पडलेले, त्यामुळे टेपचं एक टोक धरायला मिळालं तरी खूश. दगड पाहून तर त्यांचा चेहराच बदलला. भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "काय चिनलंय बाप्पा! आमच्या कंत्राटदारांना दाखवायला पाहिजे होतं हे." आम्ही दोन शनिवार मापं घेतली. दोन्ही वेळा बार्नची लांबी वेगवेगळी आली. काका म्हणाले, "तू बोलणं थांबव अन् मग आकडा वाच." मी वाचला आणि तो बरोबर निघाला. त्यातून शिकायला हवं होतं, पण नाही शिकलो.

मग इतिहास. त्या फार्मवर जन्मलेली एक बाई हयात होती. वय ऐंशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, आता वृद्धांच्या एका निवासात दोन खोल्यांत राहणारी. फार्म तिनंच आम्हाला विकलं होतं. अध्यक्षबाईंनी फोन केला तर म्हणाली, "इतिहासाचा माणूस येऊ दे. मला त्याच्याशी बोलायचं आहे." इतिहासाचा माणूस म्हणजे मी. नवा शर्ट घालून, फोन चार्ज करून गेलो.

बाईंनी टेबलावर कॉफी मांडून ठेवली होती. कपाशेजारी एक कागद होता, त्यावर जाड मार्करनं, बोटभर अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. मला वाटलं वाणसामानाची यादी असेल. मी फोन मधे ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं.

"आमच्याकडे बारा गाई होत्या," त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली.

"आमच्याकडेही!" मी म्हणालो.

आमच्याकडे म्हणजे सासवडजवळ माझ्या मामाकडे, आणि गाई नव्हत्या, दोन म्हशी होत्या. पण मुद्दा तो नव्हता. आपल्यात कुणी घरचं काही सांगितलं की आपणही घरचं एक काढून समोर ठेवायचं असतं. समोरच्याला एकट्यालाच बोलत ठेवलं तर त्याला वाटतं, हा आपली उलटतपासणी घेतोय. त्यांनी आपल्या वडिलांचं सांगितलं की मी माझ्या वडिलांचं. त्यांनी हिवाळा काढला की मी दुष्काळ. असं 'आमच्याकडेही' म्हणत म्हणत दोन अनोळखी माणसं जवळ येतात, अशी माझी पक्की समजूत. आणि खरंच, बाई हसत होत्या. म्हैस प्राथमिक शाळेत शिरून हेडमास्तरांच्या खुर्चीपर्यंत गेली ते सांगितलं तेव्हा तर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, काय जमलंय इंटरव्ह्यू! निघताना त्यांनी तो मार्करनं लिहिलेला कागद उचलला, त्याची घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. "पुन्हा याल का?" त्यांनी विचारलं. "नक्की!" मी म्हणालो. जिन्यावरून उतरताना मी चक्क शीळ घालत होतो.

पुढच्या शनिवारी फोटो काढायचे होते. आता, फोटो काढायचे म्हणजे आधी काय करायचं, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आवरायचं! पाहुणे येणार असोत की टाउनशिपचा कागद जाणार असो, जाळ्याजळमटांसकट कुणाला घर दाखवायचं का? इतिहासाची नोंद करणारा इथला कुणी माणूस आधी कॅमेरा काढेल. आम्ही आधी बादल्या काढल्या. मीच ग्रुपवर मेसेज टाकला होता: 'झाडलोट मोहीम, सकाळी नऊ, येताना झाडू, स्पंज आणि उत्साह आणावा.' वीसेक जण आले. कुणीतरी चहाचा मोठा थर्मास आणला. जुनी खिडक्यांची तावदानं, फळ्या, गंजलेले पिंप असं सगळं बाहेर काढलं.

दूधखोली मी स्वतःकडे घेतली. उत्तरेकडच्या भिंतीला कधीपासूनच्या फळ्या टेकवून ठेवलेल्या होत्या. त्या काढल्या तर मागे चुन्याची सफेदी जशीच्या तशी राहिलेली, आणि तिच्यावर छातीच्या उंचीपासून खाली पेन्सिलीच्या करड्या ओळीच ओळी.

काका दारातून डोकावले. "अरे, हे काय लिहून ठेवलं आहे? फोटो घेतला का याचा?"

"पोरांच्या रेघोट्या आहेत काका."

"पोरांच्या रेघोट्या इतक्या सरळ?"

"इथली पोरं शिस्तीची." माझ्या मागे दोघंतिघं हसले. हसले म्हणून मी आणखी एक विनोद केला. तो आता आठवत नाही.

"बघ बाबा," काका म्हणाले, "तू इतिहासवाला. मी आपला टेपचं टोक धरणारा."

माझे वडील शिक्षक. लहानपणी मी भिंतीवर एकदा विमान काढलं होतं तर त्यांनी ते माझ्याकडूनच घासून घेतलं होतं. भिंतीवरचं लिखाण दिसलं की माझा हात आपोआप ओल्या फडक्याकडे जातो. वर आपण काहीतरी संस्कारी काम करतोय असं समाधान. जुना चुना पाण्यानं सुटत होता, स्पंज पिळला की बादलीत दुधासारखा उतरत होता. अर्ध्या तासात भिंत लख्ख. मी तिच्यासमोर उभा राहून फोटो काढवून घेतला. बाकी खोलीचेही चारी बाजूंनी काढले, फार सुंदर आले. टाउनशिपच्या फॉर्ममध्ये प्रत्येक भिंतीसाठी एक रकाना होता: खुणा, कोरीवकाम, लिखाण. दूधखोलीच्या पुढे मी भरलं, 'काही नाही. भिंती स्वच्छ आहेत.' आणि ते वाचून मला अभिमान वाटला.

इंटरव्ह्यूचं लिखाण करायचं तेवढं राहिलं होतं. मुलगी शिकागोजवळ शॉमबर्गला नोकरी करते, ती वीकेंडला घरी आली होती. ती म्हणाली, "बाबा, हातानं कशाला टाइप करतोयस? सॉफ्टवेअर करतं." तिनं रेकॉर्डिंग चढवलं. सॉफ्टवेअरनं दोन आवाज ओळखून 'वक्ता एक' आणि 'वक्ता दोन' अशी नावं दिली. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. बाहेरून तिचं हसू ऐकू आलं.

"बाबा, हू इज इंटरव्ह्यूइंग हूम? सगळी पानं वक्ता एकच आहे. वक्ता दोन म्हणजे कोण, तू ना?"

"नाही, त्या बाई."

"सीरियसली? वक्ता दोन फक्त 'ओह' म्हणतेय. 'इज दॅट सो.' 'माय गुडनेस.' आय नो द म्हैस स्टोरी, बाबा. टाउनशिपला पण सांगणार तू?"

मीही हसलो. चहा गाळत होतो. मग तिचा आवाज बदलला. "बाबा, इकडे ये. हे ऐक."

तिनं पुन्हा लावलं. बाईंचा आवाज, हळू, पण स्पष्ट. दूधखोलीत उत्तरेच्या भिंतीवर आईनं लिहिलेलं आहे, त्या सांगत होत्या. रोज सकाळी धार काढून झाली की ती पेन्सिलीनं दोन-चार शब्द लिहायची, वर्षानुवर्षं. आम्हाला वाचायची परवानगी नव्हती, ती आईची भिंत होती. मी शिकायला बाहेर असताना ती गेली, वडिलांनी तिथे फळ्या लावून टाकल्या, आणि मला कधी त्या हलवायला सांगायचा धीर झाला नाही. घर जळलं त्यात तिची पत्रं गेली. तिच्या हातचं आता तेवढंच आहे. आता मला वाचायचं आहे, पण डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. तोवर त्या भिंतीला कुणी…

"मोतीबिंदू?" हा माझा आवाज. केवढा उत्साही! "अहो, माझ्या आईचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा काय गंमत झाली…"

आणि पुढे माझी आई, डॉक्टर, हिरवी पट्टी, रिक्षावाला. बराच वेळ. शेवटी वक्ता दोन: "माय गुडनेस."

मुलीनं रेकॉर्डिंग थांबवलं. झाडलोट मोहिमेचे फोटो तिनंही ग्रुपवर पाहिले होते, एकाला हार्टसुद्धा दिला होता.

"यू वॉश्ड इट," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

मी तसाच गाडी काढून फार्मवर गेलो. भर दुपार होती. दूधखोलीच्या दारातून ऊन थेट भिंतीवर पडलेलं. भिंतीला गाल लावून तिरकं पाहिलं, फोनचा दिवा लावून पाहिलं, मुलीनं फोनवर सांगितलं तसे वेगवेगळ्या फिल्टरचे फोटो काढून पाहिले. नुसता दगड आणि चुन्याचे पुसट ढग. मग मी माझ्या आणि ग्रुपवरच्या सगळ्यांच्या फोटोंतून शोधलं. फळ्या काढल्यानंतरचा आणि धुण्याआधीचा असा एकच फोटो सापडला. माझाच सेल्फी, हातात स्पंज, दात दाखवत. भिंतीचा सगळा मधला भाग माझ्या डोक्यानं झाकलेला. कानाशेजारी एक शब्द वाचता येत होता: 'टुडे', म्हणजे 'आज'. त्याच्यापुढे काय, ते कानामागे.

पुढच्या मीटिंगला अध्यक्षबाईंना सांगितलं. त्या मुंबईच्या, मोठ्या कंपनीत प्रॉडक्ट सांभाळतात, पटकन मार्ग काढतात. "हे बघ यार," त्या म्हणाल्या, "फॉर्ममध्ये टाक की लिखाण काळाबरोबर पुसट होत गेलं. टेक्निकली खोटं नाहीये ते. परवानगी अडकली तर सगळ्यांचं अडकेल."

काका बाजूलाच उभे होते. मला वाटलं ते हो म्हणतील. ते म्हणाले, "'कालौघात नष्ट झाले.' नोकरीत किती वेळा लिहिलं मी हे. दर वेळी कोणीतरी नष्ट केलेलं होतं, अन् मला नाव माहीत होतं." एवढं बोलून ते चहा घ्यायला गेले.

मी फॉर्म पाठवला नाही. पण बाईंनाही सांगितलं नाही. हे लिहिताना मला सगळ्यात जड जातंय ते हेच. त्यांचा दोनदा फोन आला. एकदा ऑपरेशनच्या आधी, एकदा नंतर. दोन्ही वेळा मी ठरवून फोन उचलला की आता सांगायचं, आणि दोन्ही वेळा बोलत सुटलो. हवा, मका, मुलीची नोकरी. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "मला रस्त्यापलीकडच्या बँकेचं घड्याळ दिसतंय. काटेसुद्धा! आपण कधी जायचं?"

"रविवारी," मी म्हणालो.

रविवारी त्यांना घ्यायला गेलो तर त्या दारातच उभ्या होत्या, बरोबर घडीची खुर्ची. "बसून वाचणार आहे," म्हणाल्या. "आईची भिंत मोठी आहे." मी खुर्ची डिकीत ठेवली. गाडी सुरू केली. आता सांगायलाच हवं होतं, आणि माझ्याकडे सांगायची एकच पद्धत होती. मी किस्सा सुरू केला.

"तुम्हाला एक गंमत सांगतो," मी म्हणालो. "आम्ही मराठी माणसं फोटोच्या आधी काय करतो माहितीये?" आणि मी झाडलोट मोहीम रंगवली. वीस इंजिनिअर, सगळे आयटीतले, एकालाही झाडू धरता येत नाही. चहाचा थर्मास आधी आणि झाडू नंतर आलेला. फळीमागून उंदीर निघाला तर एक डायरेक्टर लेव्हलचा माणूस पिंपावर चढला, त्याची मी नक्कल केली. बाई हसत होत्या. मी बादलीचं सांगितलं, ती किती वेळा उलथली ते सांगितलं. माझ्या बापानं माझ्याकडून विमान पुसून घेतलं होतं ते सांगितलं. त्या डोक्याला हात लावून हसल्या, "आणि तुम्ही ते पुसलंत?" "पुसलं! आणि तेव्हापासून भिंतीवर काही दिसलं की माझा हात…"

हात मी स्टिअरिंगवरून उचलला होता, पुसण्याची कृती करून दाखवायला. तो तसाच राहिला.

त्या अजून हसतच होत्या. हसता हसता त्यांनी विचारलं, "कुठली भिंत?"

मी गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना मका. मी म्हणालो, "उत्तरेकडची." माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात लहान उत्तर असेल.

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. तेच मला पाहवत नव्हतं. तोंडाला अजून कळायचं होतं, डोळ्यांना कळलं होतं. मीच त्यांना हसवलं होतं. आईचं अक्षर पुसलं जात होतं आणि मी त्यांना त्याच्यावर हसायला लावत होतो, एकेका विनोदानं, शेवटापर्यंत.

मी सगळं सांगायला लागलो. रेकॉर्डिंग, सॉफ्टवेअर, मुलगी, 'मला खरंच माहीत नव्हतं', 'म्हणजे तुम्ही सांगितलं होतंत, पण मी…' त्यांनी हात वर केला.

"आता बोलू नका," त्या म्हणाल्या. "प्लीज. तिथे घेऊन चला."

मी नेलं. दूधखोलीत खुर्ची मांडली. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी दाराशी उभा राहिलो. काहीतरी बोलावं म्हणून माझी जीभ नुसती वळवळत होती. 'पाणी हवंय का', 'थंडी वाजतेय का'. मी ती दातांत धरली. बाहेर कुणाचातरी ट्रॅक्टर चालला होता. तो लांब जाईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

मग उठून त्यांनी भिंतीला हात लावला, छातीच्या थोडा खाली. "इथून सुरू होत असणार," म्हणाल्या. "ती माझ्यापेक्षा बुटकी होती." माझ्याकडे न बघता त्या पुढे म्हणाल्या, "मी एकदा चोरून वाचलं होतं. नुकतं वाचायला येत होतं मला. आईनं लिहिलं होतं, 'मुलगी आज शाळेत गेली. गोठा फार शांत.' इतकी वर्षं मी ते धरून आहे. पण मी खरंच वाचलं होतं, की मला तसं असावंसं वाटलं म्हणून माझ्या डोक्यात आलं, ते मला माहीत नाही. तेवढं मला बघायचं होतं."

मी फोन काढून त्यांना तो सेल्फी दाखवला. का दाखवला? काहीतरी द्यावं म्हणून. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. माझे दात, माझा स्पंज, माझा कान, आणि कानाशेजारी 'आज'.

"'आज' ती रोजच लिहीत असणार," त्या म्हणाल्या आणि फोन परत दिला.

निवासाच्या दारात मी खुर्ची काढून दिली. त्या म्हणाल्या, "त्या कागदात तुम्ही काय लिहिणार आहात?"

"जे झालं ते."

"मला दाखवा आधी."

मी घरी जाऊन दूधखोलीचं पान नव्यानं हातानंच लिहिलं. टाइप करायला बसलो की वाक्यं सफाईदार होतात, 'दुर्दैवाने' वगैरे शब्द आपोआप येतात. लिहिलं ते असं: उत्तरेकडच्या भिंतीवर छातीच्या उंचीपासून खाली पेन्सिलीचं लिखाण होतं. फार्मच्या मालकांच्या पत्नीनं ते अनेक वर्षं रोज सकाळी लिहिलं होतं. नोंद करणाऱ्यानं ते न वाचता, फोटो न काढता, स्वतःच्या हातानं धुऊन टाकलं. त्याला याबद्दल आधी सांगण्यात आलं होतं. त्यानं ऐकलं नाही. त्यातला एक शब्द एका फोटोत दिसतो. एक ओळ मुलीला आठवते, तिची खात्री करता येत नाही. ओळ खाली दिली आहे.

अध्यक्षबाईंना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "तुझं नाव कायमचं फाइलला लागेल, माहितीये ना?" मी 'हो' लिहिलं. परवानगी अडकली नाही. त्या पानामुळे काही अडलं असतं तर मला थोडं बरं वाटलं असतं.

पान घेऊन मी बाईंकडे गेलो. या वेळी टेबलावर कॉफी नव्हती. त्यांनी खिडकीजवळ नेऊन कागद धरला आणि वाचायला लागल्या. चष्म्याशिवाय. ओठ हलत होते. एकेक शब्द. मी समोर बसलो होतो आणि मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. त्या डोळ्यांनी त्यांना काय वाचायचं होतं, आणि त्या भिंतीबद्दल वाचायला मिळालं ते हे. त्यांनी एकदा वाचलं. मग पुन्हा वरून सुरुवात केली. दुसऱ्या वेळी मधेच थांबून त्यांनी पेन मागितलं, 'मालकांच्या पत्नीनं' या शब्दांवर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'मालकिणीनं'.

"गाई तिच्या होत्या," त्या म्हणाल्या. "फार्म तिच्या वडिलांकडून आलं. मार्करनं लिहिलेल्या माझ्या यादीत पहिलंच होतं ते."

मी काही बोललो नाही. 'आमच्याकडेही' तर नाहीच.

शेवटपर्यंत वाचून त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला.

"तुमचं अक्षर चांगलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हणालो.

"तिचं गोल होतं. लहान आणि गोल, थोडं डावीकडे झुकलेलं. वाण्याच्या चिठ्ठ्या मी न्यायचे ना, त्यावरून आठवतं. हेही लिहा."

मी खाली लिहायला लागलो. त्या खुर्चीतून पुढे वाकून, मी काय लिहितोय ते अक्षर न् अक्षर बघत होत्या.